महामारी, मोबाईल आणि किशोरांचं मन: तास मोजण्याआधी काय बघायचं

प्रश्न: कोविडच्या काळात शाळा घरात आली, मैदानं बंद झाली आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हातातून मोबाईल सुटेना. त्याच काळात बरीच मुलं चिडचिडी, घुमी, रडवेली झाली. स्क्रीनमुळे मन बिघडलं, की मन बिघडलं म्हणून स्क्रीन वाढला? पुन्हा तशीच घरात अडकून पडायची वेळ आली तर दिवसाला किती तास चालतील? आणि मोबाईल काढून घ्यावा का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. सरसकट काढून घेऊ नका. शाळा बंद असताना तोच फोन वर्ग असतो, कट्टा असतो आणि मित्रही असतो. तो काढला की नको असलेल्या गोष्टींबरोबर हव्या त्याही जातात, आणि मूल कुठून तरी जुना हँडसेट मिळवून तो पांघरुणाखाली वापरायला लागतं. मग तुम्हाला काहीच दिसत नाही.

तासांचा आकडा विचाराल, तर किशोरांसाठी असा एकच आकडा प्रामाणिकपणे देता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने ‘दिवसाला २ तास’ ही जुनी मर्यादा मोठ्या मुलांसाठी २०१६ मध्येच सोडून दिली. ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ मध्ये मार्गदर्शन काढलं, त्यातही तास सांगितले नाहीत. स्क्रीनमुळे झोप मोडते का, घरच्यांबरोबरचा वेळ बुडतो का, वापर आटोक्यात आहे का, असे प्रश्न घरच्यांनी स्वतःला विचारावेत आणि झोपण्याआधीचा एक तास स्क्रीन टाळावा, यावर त्यात भर आहे. हे महामारीच्या आधीचं आहे. वर्गच स्क्रीनवर आल्यावर तर नुसत्या तासांना काही अर्थच उरला नाही.

आता मन आधी की मोबाईल आधी. वापर वाढला, यात वाद नाही. ४६ अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये आलेल्या विश्लेषणात मुलांचा रोजचा स्क्रीन सरासरी १६२ मिनिटांवरून २४६ मिनिटांवर गेलेला दिसला. १२ ते १८ या वयात वाढ सर्वांत जास्त, दिवसाला सुमारे ११० मिनिटं. अमेरिकेतल्या ५,४१२ मुलांच्या पाहणीत मे २०२० मध्ये शाळेचं काम वगळूनही दिवसाला ७.७ तास निघाले, आधी ते ३.८ होते. मनाचं म्हणाल, तर २९ अभ्यासांतल्या सुमारे ८१ हजार मुलांची आकडेवारी २०२१ मध्ये एकत्र केली तेव्हा साधारण चारात एकाला नैराश्याची आणि पाचात एकाला चिंतेची ठळक लक्षणं आढळली. महामारीआधीच्या अंदाजांच्या हे जवळपास दुप्पट आहे. ही लक्षणं प्रश्नावलीवर मोजलेली आहेत, डॉक्टरांनी केलेलं निदान नव्हे, हा फरक ध्यानात ठेवा.

दोन्ही आलेख एकाच वेळी वर गेले म्हणून एकाने दुसऱ्याला ढकललं असं होत नाही. शाळा बंद होणं, घरातलं आजारपण, मृत्यू, बुडालेला पगार, आई-वडिलांची भांडणं, मित्र न भेटणं, या सगळ्यांनी स्क्रीनही वाढवला आणि मनही खचवलं. महामारीआधी साडेतीन लाखांहून जास्त किशोरांची आकडेवारी तपासून निघालेला निष्कर्ष असा होता की मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता येतो. पण ही सरासरी आहे, आणि सरासरीत एकेकटं मूल दिसत नाही. ब्रिटनमधल्या आकडेवारीवरच्या २०२२ च्या अभ्यासात मुलींमध्ये ११ ते १३ आणि मुलग्यांमध्ये १४ ते १५ या वयात समाजमाध्यमांचा वापर वाढला तर वर्षभराने आयुष्याबद्दलचं समाधान कमी झालेलं आढळलं. त्याच अभ्यासात उलटी दिशाही दिसली: समाधान घटलं की पुढच्या वर्षी वापर वाढतो. म्हणजे तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घरात मोबाईल-मोबाईल म्हणून जे भांडण चालतं, त्यात ही दुसरी दिशा नेमकी विसरली जाते.

म्हणून तासांऐवजी तीन गोष्टी बघा: स्क्रीनने कशाची जागा खाल्ली, तो कोणत्या वेळी वापरला जातो, आणि फोन खाली ठेवल्यावर मूल कसं असतं.

त्यासाठी पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. नोंद मुलाने स्वतः, कागदावर ठेवायची. झोपल्याची आणि उठल्याची वेळ, दिवसातल्या मोठ्या स्क्रीन-बैठका आणि त्यात नेमकं काय केलं, बैठकीच्या आधी आणि नंतर मनाला ० ते १० पैकी किती गुण. चौथा रकाना महत्त्वाचा: ‘हे नसतं केलं तर त्या वेळी काय केलं असतं?’ ‘झोपलो असतो’ हे उत्तर वेगळं आणि ‘भिंतीकडे बघत बसलो असतो’ हे वेगळं.

फोनमधल्या वापराच्या अहवालावर जाऊन भांडू नका. एका उपकरणाचा आकडा दुसऱ्यात येत नाही, वर्गाचे तास आणि करमणुकीचे तास एकाच बेरजेत पडतात, आणि नकाशा किंवा गणिताचा व्हिडिओ चालू ठेवून मूल वहीत लिहीत असलं तरी मिनिटं वाढत राहतात. तोंडी अंदाजही भरवशाचा नसतो. आपण सांगतो तो वापर आणि फोनने टिपलेला वापर यांचा मेळ बेताचाच असतो. त्या अहवालातल्या दोनच गोष्टी कामाच्या: रात्री शेवटचा वापर किती वाजता झाला आणि दिवसातून फोन किती वेळा उचलला. पहिली झोपेबद्दल सांगते, दुसरी अस्वस्थपणाबद्दल.

सात दिवसांची नोंद समोर ठेवली की चित्र बरंच उघडं पडतं. मैत्रिणीशी तासभर व्हिडिओवर गप्पा मारून ४ चे ७ झाले असतील, तर त्या तासाला हात लावायचं कारण नाही. सलग चार ऑनलाइन तासिकांनंतर ६ चे ३ होतात आणि मूल लगेच गेम उघडतं, तेव्हा प्रश्न गेमचा नसून थकव्याचा असतो. रात्री साडेअकरा ते दीड छोटे व्हिडिओ सरकवत राहणं आणि आधीही ३, नंतरही ३, ही मात्र बदलायची जागा. त्यात मजा येत नसते. मनात येणारे विचार तेवढे थांबलेले असतात.

बदलाची सुरुवात झोपेपासून करा. बाकी काहीच जमलं नाही तरी चालेल, पण हे करा. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. झोप आणणारं मेलाटोनिन लहान मुलांपेक्षा उशिरा वाढतं. एरवी सकाळची शाळा त्याला मागे ओढून धरते. शाळा बंद झाली की ती ओढ सुटते. मग आठची तासिका अंथरुणातूनच, डोळे अर्धे मिटून, कॅमेरा बंद ठेवून. दुपारी दोन तास झोप. रात्री दोनपर्यंत जाग. झोप अपुरी राहिली की दुसऱ्या दिवशी चिडचिड, रडू आणि धीर सुटणं वाढतं, आणि त्यावर सगळ्यात सोपा उतारा म्हणून पुन्हा फोन. पालकांना दिसतो तो फक्त शेवटचा भाग.

इथे बहुतेक घरं एकच चूक करतात: झोपायची वेळ आधी ठरवतात. दोन वाजता झोपणाऱ्या मुलाला दहा वाजता अंधारात आडवं केलं तर ते चार तास छताकडे बघत पडेल, आणि अंथरूण म्हणजे तळमळ हे मनात पक्कं होईल. म्हणून आधी उठण्याची वेळ बांधा, सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त फरक नको. सध्या दहाला उठत असेल तर पहिले तीन दिवस पावणेदहा, मग साडेनऊ, असं पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे आणा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत गच्ची, अंगण, खिडकी, जिथे मिळेल तिथे वीस-तीस मिनिटं उजेड अंगावर घ्यायचा. घड्याळ मागे आणायला याइतकं दुसरं काही उपयोगी नाही. दुपारची झोप वीस-पंचवीस मिनिटांपुरती, तीही तीनच्या आत. वर्ग, गेम, जेवण यांतलं काहीही अंथरुणात नाही. जागा कमी असेल तर निदान गादी गुंडाळून खुर्ची किंवा चटईवर बसायचं. झोपेची वेळ यामागून आपोआप सरकते.

रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर, एकाच ठिकाणी चार्जिंगला. घरातल्या सगळ्यांचे. मोठ्यांचे फोन उशाशी आणि मुलाचा तेवढा बाहेर, हा नियम आठवडाभरही टिकत नाही. ‘गजर कसा लावू?’ ही पळवाट पहिल्याच रात्री येते, म्हणून साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा. निळ्या प्रकाशाचे चष्मे आणि पिवळा स्क्रीन यांवर फार विसंबू नका. उजेडाचा परिणाम होतो, पण रात्री एक वाजता जागं ठेवतो तो समोरचा मजकूर आणि ग्रुपवर येणारं पुढचं उत्तर. खरी अडचण ग्रुपचीच असते. सगळा वर्ग बारा वाजता जागा असेल, तर एकट्याने बाहेर पडणं मुलाला फार जड जातं. दोन-तीन मित्रांच्या घरच्यांशी बोलून सगळ्यांची एकच वेळ ठरवा. ‘आमच्याकडे पण साडेदहालाच जमा होतो’ हे मित्राच्या तोंडून आलं की अर्धं भांडण मिटतं.

पहिल्या चार-पाच रात्री चिडचिड वाढेल. उपाय फसला असं समजून तिथेच सोडू नका.

बाकीच्या नियमांसाठी अर्धं पान पुरतं. मसुदा मुलाला लिहू द्या, मग तुम्ही घासाघीस करा. गेमची वेळ घड्याळाने न संपवता फेरीने संपवा. ऑनलाइन सामना मध्येच सोडला तर संघातले इतर चिडतात आणि गुण कापले जातात. ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ यावर होणारा स्फोट बऱ्याचदा एवढ्यापुरताच असतो. एक फेरी साधारण किती वेळाची ते आधी विचारून घ्या आणि ‘साडेसातनंतर नवीन फेरी नाही’ असं लिहा. नियम मोडला तर परिणाम छोटा आणि दुसऱ्या दिवसापुरता असावा. महिनाभराची बंदी तुम्हालाच पेलत नाही, तिसऱ्या दिवशी ऑनलाइन परीक्षा निघते. दर रविवारी दहा मिनिटं बसून कागद पुन्हा बघायचा. फोनमध्येही थोडं करता येतं: व्हिडिओ आपोआप पुढे सरकणं बंद, माणसांनी पाठवलेले निरोप सोडून बाकी सूचना बंद, सर्वांत खेचणारं अ‍ॅप पहिल्या पानावरून आतल्या फोल्डरमध्ये. हे अडथळे लहान आहेत, पण विचार न करता उचलला जाणारा हात त्यांनी थबकतो.

ऑनलाइन वर्गाचा थकवा खरा असतो. सगळे चेहरे जवळून आपल्याकडेच बघतायत असं वाटणं, स्वतःचाच चेहरा सतत समोर असणं, हावभाव नीट न कळणं आणि हलता न येणं, ही त्याची ओळखलेली कारणं आहेत. स्वतःची चौकट लपवण्याची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते, ती वापरायला शिकवा. दिसण्याबद्दल आधीच बावरलेल्या मुलामुलींना तेवढ्यानेही बरंच हलकं वाटतं. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघायचं. दोन तासिकांमधली दहा मिनिटं फोनशिवाय उभं राहून किंवा चालून घालवायची. दिवसभरात एकूण तासभर तरी शरीर दमेल अशी हालचाल हवी. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटासाठी सरासरी ६० मिनिटं सांगते. जिना, दोरी, नाच काहीही चालेल, तुकड्यातुकड्यांतही.

आता मनाकडे. फोन कमी करायचा असेल तर तो या मुलासाठी काय काम करतोय हे आधी कळायला हवं. समोर बसवून ‘बोल, काय झालंय तुला?’ विचारलं की ‘काही नाही’ एवढंच मिळतं. भांडी लावताना, कपडे वाळत घालताना, शेजारी शेजारी काम करत विचारा: ‘आत्ता फोन नसता तर काय वाटलं असतं?’ कंटाळा असेल तर हाताला काम लागेल. एकटेपणा असेल तर लाइक आणि स्टिकरपेक्षा आवाजातलं बोलणं लागेल: आठवड्यातून दोन-तीनदा ठरलेल्या वेळी एकाच मित्राशी फोन. भीती असेल तर बातम्यांना बांध घाला, दिवसातून एकदा आणि झोपायच्या वेळी नाही. घरातल्या टीव्हीवर दिवसभर मृत्यूचे आकडे फिरत असतील तर तो आधी बंद करा. घरात कोणी गेलं असेल आणि शेवटचं बघताही आलं नसेल, तर मूल त्या माणसाचे जुने व्हिडिओ, व्हॉइस मेसेज पुन्हा पुन्हा ऐकत राहू शकतं. त्याला स्क्रीनचा नाद म्हणू नका. बरोबर बसा, त्या माणसाबद्दल बोला.

मूल खचलेलं असेल तर ‘बरं वाटलं की करेल’ याची वाट बघत बसू नका. नैराश्यात आधी कृती होते, बरं वाटणं मागून येतं. दहा मिनिटांत होईल इतकी लहान गोष्ट, ठरलेल्या वेळी, तुमच्यासोबत. एकदा जमली की दुसरी.

‘व्यसन’ हा शब्द जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचं निदान आहे, पण त्यासाठी वापरावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला महत्त्व येणं, नुकसान होत असूनही खेळत राहणं आणि त्यामुळे शिक्षण, घर, नाती यांत ठळक बिघाड, हे सगळं साधारण बारा महिने दिसावं लागतं. शाळा बंद असताना चार महिने जास्त खेळलेलं मूल यात बसत नाही. शिक्का मात्र चिकटून राहतो, आणि व्यसनीच म्हटल्यावर मूल प्रयत्न सोडून देतं.

ऑनलाइन छळ झाला, कोणी फोटोवरून धमकावलं, तर मुलं घरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की फोन जाईल ही भीती असते. ‘असं काही झालं तर फोन घेणार नाही’ हे आधीच सांगून ठेवा आणि पाळा. स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह काढून ठेवायचे, मगच ब्लॉक आणि तक्रार. घाईत चॅट पुसली की पुरावा जातो. धमकी देणाऱ्याला पैसे किंवा आणखी फोटो द्यायचे नाहीत. चोरून चॅट वाचणं शक्यतो टाळा. जिवाला धोका वाटला तर वाचा, पण वाचल्याचं सांगा.

मदत कधी घ्यायची? उदासपणा किंवा चिडचिड दोन आठवडे जवळपास रोज, आवडत्या गोष्टींतही रस नाही (फोनवरच्या आवडत्या गोष्टीसुद्धा नकोशा होणं हे मोठं लक्षण आहे), भूक-झोप पार बदलली, अंगावर जखमा किंवा उन्हाळ्यातही लांब बाह्या, ‘मी नसलेलंच बरं’ अशी भाषा. यातलं काही दिसलं तर सरळ शब्दांत विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसं, ते ठरवलं आहेस का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका, घरातली औषधं, विषारी रसायनं, धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय गाठा. त्या दिवशी शिक्षा म्हणून फोन काढून घेऊ नका. ज्या मित्राला ते मूल खरं सांगत असेल, तोच धागा तुटतो.

समुपदेशन ऑनलाइन होणार असेल तर एक व्यवहाराची बाब. पलीकडच्या खोलीत आई-वडील ऐकू शकतात हे माहीत असेल तर मूल पाऊण तास ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणत राहील. हेडफोन द्या, त्या वेळी घरातल्यांनी गच्चीवर किंवा बाहेर फेरी मारावी, किंवा मुलाने चालत चालत फोनवर बोलावं. तेही शक्य नसेल तर नाजूक उत्तरं चॅटच्या चौकटीत टाइप करू द्यावीत, आणि ‘कोणी खोलीत आलं’ हे सांगायला एक खुणेचा शब्द समुपदेशकाशी आधीच ठरवावा. संपल्यावर ‘काय बोललास?’ विचारू नका. जिवाचा धोका असेल तर समुपदेशक तुम्हाला सांगतोच. बाकीचं त्या दोघांमध्ये राहू द्या.

शाळा पुन्हा सुरू होणार असं कळलं की उठण्याची वेळ दोन आठवडे आधीपासून मागे आणायला लागा. पहिल्या दिवसांत पोटदुखी, डोकेदुखी, ‘आज नको’ हे होईल. डॉक्टरांना एकदा दाखवा, पण घरी ठेवू नका. एक दिवस टळला की दुसरा दिवस अवघड होतो. पूर्ण दिवस झेपत नसेल तर शिक्षकांशी बोलून दोन तासिकांपासून सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी एकेक वाढवा. घरी थांबावंच लागलं तर शाळेच्या वेळेत करमणुकीचा स्क्रीन नाही, एवढा नियम पहिल्याच दिवसापासून ठेवा.